दर हजारी डोळे

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी बरडचा मुक्काम हलवते, धर्मपुरीपाशी सोलापूर जिल्ह्यात येते आणि त्या रात्री नातेपुत्याला विसावते. दुसऱ्या दिवशी सदाशिवनगरजवळ पुरंदावड्याला गोल रिंगण होते आणि सोहळा माळशिरसकडे सरकतो. एका मुक्कामापुरते नातेपुते हे बाजारगाव माणसांनी भरून वाहते. रस्त्याने चालणाऱ्यांतला कोणी इथे साबण घ्यायला आलेला नसतो, सिमेंटची गोणी न्यायला तर नाहीच. तरीही पुणे-पंढरपूर रस्त्यालगतच्या भिंतींवर वर्षानुवर्षे साबणाची, सिमेंटची, बियाण्यांची, पंपांची नावे हातभर अक्षरांत रंगवलेली असत. भिंत रंगवून घेणाऱ्याला त्या दिवशीची विक्री नकोच होती. आपले नाव इतक्या डोळ्यांखालून एकदा जावे, एवढ्यासाठी तो पैसे मोजत होता.

त्या नजरेचा भाव काय लावायचा? भिंतीच्या मापाने, दिवसाच्या हिशेबाने, की पाहणाऱ्या डोक्यांच्या मोजणीने? आज हाच प्रश्न यूट्यूबवर जाहिरात देणाऱ्यापुढे ‘बोलीचे धोरण’ या नावाने उभा राहतो. पडद्यावर पर्याय येतात: हजार वेळा दिसण्याचा भाव, एका पाहण्याचा भाव, एका क्लिकचा भाव. तिथे बसलेल्या तरुणाला वाटते की हे सगळे कालपरवा कॅलिफोर्नियात जन्मले. यंत्र तिकडचे खरे. पण माल विकण्याआधी नाव पोचवायचे, आणि त्या पोचवण्याची किंमत ठरवायची, हा व्यवहार नातेपुत्याच्या रस्त्याने फार जुन्या काळापासून पाहिला आहे. त्याचा माग काढला तर आजची धोरणेही जास्त स्पष्ट दिसतात.

सुरुवात दवंडीपासून करावी लागते. हलगी वाजायची, गल्लीच्या तोंडाशी माणूस थांबायचा, खड्या आवाजात सांगायचा: अमक्या दिवशी बाजार भरणार, तमक्या दिवशी सारा गोळा होणार. गावभर एकच मजकूर, प्रत्येक चौकात पुन्हा तोच. आजच्या भाषेत पोच आणि वारंवारता या दोन्ही गोष्टी त्यात होत्या. पण हे काम करणाऱ्याला एका दवंडीचे अमुक पैसे असा हिशेब नव्हता. ते काम महार समाजाच्या वतनी चाकरीत मोडे. बदल्यात सुगीला बलुत्याचे धान्य आणि तुटपुंजे वतन, आणि हाक येईल तेव्हा हजर राहण्याची सक्ती. १८७४च्या वंशपरंपरागत वतनांच्या कायद्याने ही बांधिलकी कागदावर पक्की केली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात त्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले, तेव्हा त्यांचा मुद्दा हाच होता की कामाला मोल ठरलेले नाही आणि वेळेला मर्यादा नाही. कनिष्ठ गाव-वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ मध्ये झाला. जाहिरातीच्या इतिहासाची पुस्तके छापखान्यापासून सुरू होतात आणि हा माणूस त्यांतून गळतो. गावाचे लक्ष वेधण्याचे काम ज्याने पिढ्यान्‌पिढ्या केले त्याला त्याचा भाव कधीच मिळाला नाही, ही नोंद या हिशेबात सर्वांत वर असली पाहिजे.

छपाई आली तरी गावापर्यंत अक्षर पोचायला वेळ लागला. वाचणारे थोडे होते. त्यामुळे ज्यांना खेड्यांत नाव पोचवायचे होते त्यांनी वेगळ्या वाटा शोधल्या. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आणला, तेव्हा नाटकाला सरावलेल्या प्रेक्षकाला दीड तासाच्या मुक्या खेळासाठी पैसे मोजायला लावणे सोपे नव्हते. नाटक सहा सहा तास चाले. फाळक्यांनी सुरतेला जाहिरात केली ती आकड्यांची: सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि तिकीट अवघे काही आणे. गिऱ्हाइकाला माल किती मिळतो हे त्यांनी त्याच्याच मापात, लांबीत आणि नगांत सांगितले.

किर्लोस्करांची गोष्ट त्याहून मोलाची, कारण तिच्यात विक्री आणि ओळख यांतला फरक नेमका दिसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर दोन वर्षे विकले गेले नाहीत. इथे भाव कमी करून उपयोग नव्हता. आधी लोखंडी नांगर ही वस्तू ओळखीची व्हायला हवी होती, तिची भीती जायला हवी होती. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि दहा वर्षांनी, १९२० मध्ये, शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत नेणारे हे पत्रक. पुढे तेच ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, त्याच्या जोडीला १९३० मध्ये ‘स्त्री’ आणि १९३४ मध्ये ‘मनोहर’ आले, आणि मराठी घरांतल्या दोन पिढ्या त्यांवर वाढल्या. या मासिकांचा खर्च एकेका नांगराच्या विक्रीशी जुळवून पाहिला असता तर कोणत्याही हिशेबनिसाने पहिल्या वर्षीच बंद करा म्हटले असते. ते चालू राहिले म्हणून किर्लोस्कर हे नाव महाराष्ट्रात घरचे झाले. मराठी मुलखात ओळखीसाठी केलेल्या खर्चाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

नांगराला गिऱ्हाईक मिळायला पाणीही यावे लागते. भाटघरचे धरण १९२८ मध्ये पुरे झाले, नीरा उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात खेळू लागले आणि ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला. सासवडच्या माळी बागायतदारांनी इथे येऊन १९३२ मध्ये साखर कारखाना काढला, माळीनगर वसले. पुढे सदाशिवनगरला, अकलूजला सहकारी कारखाने उभे राहिले. हातात रोख पैसा आला की त्या पैशाच्या मागे जाहिरातवाला येतो. इंजिने, खते, सायकली, चहा, साबण, वनस्पती तूप यांच्या पाट्या रस्त्यांवर आल्या त्या या पाण्याच्या पाठोपाठ.

वनस्पती तुपाचे नाव निघाले की डालड्याची आठवण काढावीच लागते. १९३७ मध्ये बाजारात आलेल्या या वस्तूला कोणी ओळखत नव्हते. तुपाला पर्याय असू शकतो ही कल्पनाच नवी होती. लिंटास या जाहिरात कंपनीने दोन वर्षांनी मोहीम आखली ती अनेक तोंडांची: चित्रपटगृहांसाठी छोटी फिल्म, वाचणाऱ्यांसाठी पत्रके, आणि रस्त्यांसाठी डालड्याच्या डब्याच्या आकाराची गोल गाडी. गाडी शहरातून फिरे आणि लोक नुसते पाहायला जमत. त्या गाडीने दिवसात किती डबे विकले हा प्रश्न कोणी विचारला नसावा, कारण तिचे काम ते नव्हतेच.

भिंतींचा भाव मात्र सरळ होता. रंगाऱ्याला चौरस फुटाने मजुरी. घरमालकाला थोडे पैसे, किंवा पुष्कळदा उरलेली भिंतही कंपनीच्या खर्चाने रंगवून मिळे आणि सौदा तेवढ्यावर मिटे. पावसाळ्याआधी नवा हात. नातेपुत्यासारख्या रस्त्यावरच्या गावात भिंत कुठे आहे याला मोल होते: एसटी थांबते तिथली, वळणावर समोरून दिसणारी, बाजाराच्या तोंडाची. मोजणी कोणी करत नव्हते, पण पेंटरला ठाऊक असे. सरकारलाही ठाऊक होते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण देशभर भिंतीभिंतींवर चढला. अक्षर न ओळखणाऱ्यालाही कळावे असे साधे चिन्ह, तेच ते, सगळीकडे. आज जाहिरात शिकवणारे ज्याला ब्रँडची ओळख म्हणतात तिचा भारतातला सर्वांत मोठा प्रयोग खासगी कंपनीचा नव्हता, तो या त्रिकोणाचा होता.

मग तंबू. नातेपुत्याच्या पश्चिमेला महादेवाचा डोंगर आणि शिखर शिंगणापूर. चैत्रात शंभू महादेवाची यात्रा भरते, कावडी मुंगी घाटाने चढतात आणि पायथ्याच्या गावांतून माणसांचा पूर वाहतो. सातारा-सोलापूर पट्ट्यातल्या जत्रांत पाळणा, मौत का कुआँ आणि फिरता सिनेमा यांवाचून रंगत नसे. ट्रकवर प्रोजेक्टर, मोठा तंबू, जमिनीवर बसायला मोकळी जागा. संध्याकाळी भोंग्यावर खेळाची हाकाटी. या फिरत्या सिनेमाचे मावळते दिवस शर्ली अब्राहम आणि अमित माधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटात टिपले आणि २०१६ मध्ये तो कान महोत्सवात दाखवला गेला.

पडद्यावरची जाहिरात गावाला पहिल्यांदा भेटली ती तंबूत आणि तालुक्याच्या टॉकीजमध्ये. मुख्य चित्र सुरू होण्याआधी आणि मध्यंतरात काचेच्या स्लाइड: अमुक क्लॉथ स्टोअर्स, तमुक सराफ, लग्नाचा बस्ता येथे मिळेल. हाताने रंगवलेली अक्षरे, प्रकाशात किंचित थरथरणारी. भाव आठवड्याचा किंवा महिन्याचा ठरे. तंबू भरला काय आणि रिकामा राहिला काय, पैसे तेवढेच. पण एक गोष्ट पक्की होती: अंधारात बसलेल्या माणसाला ती पाहावीच लागे. पुढे सरकवण्याची सोय त्याच्या हातात नव्हती.

मोठ्या कंपन्यांच्या जाहिरातपटांचा व्यापार मुंबईतून चाले आणि त्यात ब्लेझ या कंपनीचे नाव मोठे होते. देशभरच्या चित्रपटगृहांशी तिचे करार असत. साबणाच्या, पेस्टच्या फिल्म ती पोचवी. मोहन बिजलानी आणि फ्रेनी वरियावा यांच्या या कंपनीने श्याम बेनेगल यांना पैसा दिला आणि १९७४ मध्ये ‘अंकुर’ आला. बेनेगल स्वतः जाहिरातपट करत करत इथवर आलेले. भारतीय समांतर सिनेमाच्या पहिल्या मोठ्या चित्रपटांपैकी एक अशा पैशावर उभा राहिला, जो मध्यंतराआधीच्या दोन मिनिटांत गावोगावच्या प्रेक्षकांच्या नजरेतून गोळा झाला होता. नातेपुत्या-अकलूजच्या टॉकीजमध्ये बाकावर बसून दंतमंजनाची फिल्म पाहिलेल्या माणसाचाही त्यात अदृश्य वाटा म्हणायचा.

मोजणीचा आग्रह वर्तमानपत्रांनी धरला. १९४८ मध्ये ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था भारतात सुरू झाली आणि खप किती हे मालकाच्या तोंडी दाव्याऐवजी तपासलेल्या आकड्यावर ठरू लागले. जागा कॉलम-सेंटिमीटरने विकली जाई, पण जाणता जाहिरातदार मनात भागाकार करी: एवढे रुपये, एवढ्या हजार प्रती, म्हणजे दर हजारी काय पडले? वीटभट्टीवर विटा दर हजारी विकतात हे गावाकडच्या प्रत्येकाला माहीत असते. तोच हिशेब वाचकांना लागला. इंग्रजीत याच मापाला सीपीएम म्हणतात. त्यातला शेवटचा ‘एम’ हा लॅटिनमधल्या हजाराचा.

आकाशवाणीने १ नोव्हेंबर १९६७ रोजी विविध भारतीवर जाहिराती सुरू केल्या त्या मुंबई, पुणे आणि नागपूर केंद्रांवरून. म्हणजे हा प्रयोग पहिल्यांदा मराठी कानांवर झाला. त्याआधी पंधरा वर्षे रेडिओ सिलोनवरची ‘बिनाका गीतमाला’ दातांच्या पेस्टचे नाव घरोघर नेत होतीच. माप बदलले: आता सेकंद. दहा सेकंद, पंधरा सेकंद, तीस सेकंद. दूरदर्शनवर १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या आणि १९८४ मध्ये प्रायोजित मालिकांचे दिवस सुरू झाले. केशव पेंढारकरांनी १९५२ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या विको कंपनीने ‘ये जो है जिंदगी’ प्रायोजित केली आणि आयुर्वेदिक दंतमंजन व हळदीचे मलम देशभर ओळखीचे झाले. मराठी उद्योजकाने नाव पोचवण्यासाठी पडद्यावर लावलेला तो मोठा डाव होता, आणि तो साधला.

पण टीव्ही नेमका कोण पाहते हे कळण्याची सोय दीर्घकाळ शहरांपुरती होती. टीआरपीची पेटी ज्यांच्या घरात असे ती घरे शहरांतली. रामायणाच्या रविवारी गावातले रस्ते ओस पडत हे सगळ्यांनी पाहिले, पण भाव ठरवणाऱ्या कागदावर ते गाव नव्हते. टीव्हीचे प्रेक्षक मोजणाऱ्या बार्क या संस्थेचे आकडे एप्रिल २०१५ मध्ये यायला लागले आणि ग्रामीण भारताचे घर त्या मोजणीत आले ते ऑक्टोबर २०१५ मध्ये. टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्यापासून एकोणचाळीस वर्षांनी. इतकी वर्षे गावाची नजर फुकट धरली गेली असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

तिकडे इंटरनेटवर भाव ठरवण्याची रीतच पालटत होती. १९९४ मध्ये पहिली पट्टी-जाहिरात दिसली. १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने शोधशब्दांचा लिलाव मांडला: जो जास्त देईल त्याची जाहिरात वर, आणि पैसे फक्त क्लिक झाली तर. गूगलची जाहिरात-सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली ती दर हजारी भावाने. २००२ मध्ये तिनेही क्लिकचा लिलाव उचलला.

लिलाव म्हटले की सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला समजवावे लागत नाही. गावचा आठवडी बाजार भरतो त्याची वसुली कोणी करायची याचा दरसाल लिलाव होतो. ठेका घेणारा पुढच्या बावन्न बाजारांच्या गर्दीवर बोली लावतो. बाजार समितीत कांदा, डाळिंब यांचा उघड लिलाव असतो: अडत्या पुकारतो, व्यापारी बोली चढवतात, शेतकरी कान देऊन उभा असतो. आणि दुसरी रीत हत्त्याची. रुमालाखाली किंवा उपरण्याखाली दोघांचे हात, बोटे दाबून भाव सांगायचा, बाजूला उभ्या असलेल्याला पत्ता नाही. जनावरांच्या बाजारांत ही रीत जुनी. वाशीच्या फळबाजारात हापूसच्या पेट्यांसाठीही ती चाले. बाजार समित्यांच्या कायद्याने आणि नियमांनी उघड लिलावाचा आग्रह धरला तो यासाठीच, की झाकल्या हाताखाली शेतकरी नागवला जातो.

यूट्यूबवरचा लिलाव झाकल्या हाताचा आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवे. व्हिडिओ उघडल्यापासून जाहिरात दिसेपर्यंतच्या क्षणार्धात शेकडो जाहिरातदारांच्या बोल्या यंत्र तपासते. दुसऱ्याने किती लावले ते कोणाला दिसत नाही. मात्र या झाकल्या लिलावाला एक शिस्त लावण्याचा विचार फार आधी झाला होता. विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये मांडले की जिंकणाऱ्याकडून दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकेच पैसे घेतले तर प्रत्येकाला आपल्या मनातला खरा भाव सांगणे परवडते, डाव खेळावे लागत नाहीत. १९९६ मध्ये त्यांना नोबेल जाहीर झाले आणि तीन दिवसांत ते वारले. शोधशब्दांचे लिलाव याच कल्पनेच्या वाटेने गेले. सगळीकडे ती टिकली असेही नाही: इतरांच्या संकेतस्थळांवरच्या जागा विकणाऱ्या आपल्या व्यवस्थेत गूगलने २०१९ मध्ये, जो बोली लावेल त्याने तीच भरायची, अशी पहिल्या किमतीची रीत आणली. म्हणून बोली लावणाऱ्याने आधी लिलाव कोणत्या रीतीचा हे विचारावे. अडत्याच्या गाळ्यावर जाणारा शेतकरीही तेच विचारतो.

व्हिडिओचा भाव आणखी निराळा. यूट्यूब २००५ मध्ये निघाले, पुढच्या वर्षी गूगलने ते १.६५ अब्ज डॉलरला घेतले. डिसेंबर २०१० मध्ये ‘ट्रूव्ह्यू’ ही रीत आली. पाच सेकंदांनंतर प्रेक्षकाला जाहिरात पुढे ढकलता येते. त्याने तीस सेकंद, किंवा जाहिरात त्याहून छोटी असेल तर ती पूर्ण पाहिली, किंवा तिच्यावर बोट ठेवले, तरच जाहिरातदाराचे पैसे कापायचे. तंबूतल्या अंधाराच्या अगदी उलट हा करार. पहिल्यांदाच प्रेक्षकाच्या नकाराला किंमत आली. मग एप्रिल २०१६ मध्ये सहा सेकंदांची, ढकलता न येणारी छोटी जाहिरात आली आणि तिचा भाव पुन्हा दर हजारी ठेवला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओने स्वस्त डेटा आणला. उसाच्या बांधावर, एसटीच्या थांब्यावर, दुधाच्या डेअरीपुढे मोबाइलवर व्हिडिओ चालू लागले. ज्या गावाची नजर टीव्हीच्या मोजणीत वर्षभरापूर्वीच आली होती ती आता सेकंदासेकंदाला लिलावात उभी राहिली.

आता निवडीचा प्रश्न. नातेपुत्यात २०२१ मध्ये ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली, शाळा, दवाखाने, सराफी पेढ्या, ट्रॅक्टरची दुकाने वाढली. समजा एखाद्या सराफाला लग्नसराईआधी पंचवीस-तीस किलोमीटरच्या परिघात नाव पोचवायचे आहे. तो क्लिकच्या भावाने बोली लावतो, कारण क्लिक म्हणजे काहीतरी हाती लागले असे वाटते. यंत्र मग बोट टेकवण्याची सवय असलेली माणसे शोधते, आणि ती माणसे बहुधा सोने घेणारी नसतात. ज्या आजीच्या शब्दावर घरातला बस्ता आणि दागिने ठरतात ती कधीच क्लिक करत नाही. ती नातवाच्या मोबाइलवर जाहिरात पाहते, नाव ऐकते आणि लक्षात ठेवते. ओळखीसाठी क्लिकचा भाव निवडणे म्हणजे दवंडी ऐकून धावत आलेल्यांचीच डोकी मोजणे. बाकीच्या गावाने ऐकले ते हिशेबाबाहेर.

म्हणून नाव पोचवायचे असेल तर दर हजारी भावाचे धोरण सरस, असे गेल्या शंभर वर्षांचा अनुभव सांगतो. या धोरणात जाहिरातदार हजारामागे सरासरी किती पडावेत ते सांगतो आणि यंत्र कुठे चढी, कुठे उतरती बोली लावून सरासरी राखते. पाहण्याच्या भावाचे धोरण तेव्हा घ्यावे, जेव्हा सांगायची गोष्ट सहा सेकंदांत मावत नाही. लोखंडी नांगराची भीती घालवायला असे पूर्ण ऐकणारे कान लागले असते. सिमेंटचे नाव आठवणीत ठेवायला सहा सेकंद पुरतात. लिलाव टाळून ठरल्या भावाने जागा आधीच राखून ठेवण्याचीही सोय आहे. ती मोठ्या कंपन्यांना सणासुदीला परवडते, आणि तिची जातकुळी थेट भिंतीची.

दोन सावधगिऱ्या मात्र अनुभवी मंडळी आवर्जून सांगतात. पहिली वारंवारतेची. एकाच माणसाला दिवसात वीस वेळा तेच दाखवून हजार भरले तर हजार डोळे भरत नाहीत. पन्नास माणसे वैतागतात. दवंडी देणारा एका चौकात तीनदा ओरडत नसे, तो पुढच्या चौकात जाई. एका माणसाला आठवड्यात किती वेळा दिसावे याची मर्यादा आधी घालावी, मग बोलीचा विचार करावा. दुसरी ‘दिसणे’ या शब्दाची. जाहिरात-मोजणीच्या मान्य नियमानुसार व्हिडिओचा निम्मा भाग सलग दोन सेकंद पडद्यावर असला की तो ‘दिसण्याजोगा’ ठरतो. दोन सेकंद म्हणजे एसटीतून जाताना भिंत नजरेखालून जावी तेवढेच. म्हणून नाव पहिल्या क्षणी आले पाहिजे. जुन्या पेंटरांनी नाव मोठ्या अक्षरांत आणि बाकी मजकूर खाली बारीक लिहिला, त्यामागे हीच जाण होती. ती त्यांना कोणत्या अहवालातून मिळालेली नव्हती.

परिणाम मोजण्यासाठी कंपन्या आज जाहिरात पाहिलेल्या आणि न पाहिलेल्या अशा दोन गटांना छोटे प्रश्न विचारतात: यांपैकी कोणते नाव आठवते? त्यासाठी मोठे अंदाजपत्रक लागते. गावच्या दुकानदाराला तेच काम फुकट करता येते. नव्या गिऱ्हाइकाला, आमचे नाव कुठे ऐकले, एवढे विचारायचे आणि वहीत टिपायचे.

भिंतींच्या त्या जुन्या रस्त्याच्या, म्हणजे पालखी महामार्गाच्या, चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. दिवेघाट ते मोहोळ असा हा सुमारे २२१ किलोमीटरचा रस्ता. रुंदीकरणात जुन्या रस्त्याकडेची बांधकामे गेली आणि त्यांच्याबरोबर रंगांचे थरही गेले: एकावर एक चढलेली साबणाची, नांगराची, पंपाची, लाल त्रिकोणाची चित्रे. उरलेल्या जागी फ्लेक्स आले, ते एका पावसात फाटतात. दवंडीचे शब्द कोणी लिहून ठेवले नाहीत. स्लाइडच्या काचा फुटल्या. पेंटरांची मजुरीची पुस्तके, तंबूवाल्यांची हँडबिले, टॉकीजच्या जाहिरातींची दरपत्रके ही कागदपत्रे कोणत्याही संग्रहालयाच्या यादीत नसतात. यूट्यूबच्या लिलावाचा प्रत्येक आकडा यंत्रात साठतो आहे, आणि त्याआधीच्या शंभर वर्षांच्या भावाचा कागद मिळत नाही.

नातेपुते, माळशिरस, अकलूज, फलटण या पट्ट्यात ज्यांच्या माळ्यावर, दुकानाच्या मागच्या खोलीत असे काही पडले असेल, एखादी काचेची स्लाइड, रंगाऱ्याची वही, टॉकीजची पावती, जत्रेतल्या तंबूचा छापील कागद, त्यांनी ते रद्दीत घालू नये. मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढावे, मागे गाव आणि साल लिहावे, आणि मूळ वस्तू गावच्या वाचनालयात नेऊन द्यावी. ज्यांनी भिंती रंगवल्या आणि ज्यांनी दवंडी दिली त्यांतले जे हयात आहेत, त्यांच्याजवळ बसून एका भिंतीचे, एका दिवसाचे काय मिळत होते ते विचारून घ्यावे. या आषाढीच्या आत झाले तर उत्तम.